नवव्या मजल्यातले चार बिघाड

मी एक अभिप्राय बोलतोय. पुस्तकाच्या पाठीवर छापतात तसला गोडबोल्या नव्हे हं! वहीच्या फाडलेल्या पानावर निळ्या बॉलपेनानं लिहिलेला, कडेला वंगणाचा अंगठा उमटलेला. दिसायला मी यथातथाच आहे आणि मला त्याची फिकीर नाही.

मला लिहिणारे मिस्त्री तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतात. एका मासिकाची पद्धत अशी, की आलेली गोष्ट लेखकाचं नाव झाकून आधी एका साध्या वाचकाला द्यायची. ही गोष्ट लिफ्टची, म्हणून यांच्याकडे आली.

गोष्ट अद्भुत होती. आठ मजल्यांच्या इमारतीतली एक म्हातारी रोज लिफ्टनं नवव्या मजल्यावर जाते. तिथं तिचा वारलेला नवरा राहतो. दोघं चहा पितात, कडाकडा भांडतात, मग ती खाली येते. एक दिवस लिफ्ट बंद पडते आणि म्हातारी दाराशी रडत बसते. संपली गोष्ट.

मिस्त्रींनी ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा चष्मा काढून डोळे पुसले. बायकोनं पाहिलं तेव्हा तिच्यावरच डाफरले, "पंख्यावर किती धूळ साचलीय!" आणि मला लिहायला घेतलं.

"एक. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की दार गोष्टीतल्यासारखं आपोआप उघडत नाही. दोन. नवरा एकदा तिच्याबरोबर खाली येतो. मेलेल्या माणसाचं वजन लागतं की नाही, ते ठरवा. तीन. नवव्या मजल्याचं बटण कुठं आहे? चार. एवढी चिवट बाई रडत बसणार नाही. शेवट चुकला."

खाली सही. बस्स!

"अहो, एवढी आवडली ना? मग तसं लिहा की," बायको म्हणाली.

"चालतंय ते कोण लिहितं? बिघाड लिहायचा असतो."

त्यांच्या कामात तेच बरोबर. तपासणीच्या कागदावर 'दिवा छान लागतो' असं कुणी लिहितं का? पण मासिकाच्या कचेरीत संपादकबाईंनी मला वाचून मान हलवली आणि गोष्ट परतीच्या गठ्ठ्यात टाकली. एकदा परत गेलेली गोष्ट तिथं पुन्हा घेत नसत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्यावर माझ्या धन्याचा जीव जडला, तिचाच गळा मी दाबत होतो, आणि तोंडातून ब्र काढता येत नव्हता.

दोन दिवसांनी बाईंनी आभाराचा फोन केला. गोष्ट आज परत जातेय, असं सांगितलं. "परत? कुणी सांगितलं?" मिस्त्रींचा आवाज मला टेबलावर पडल्या पडल्या ऐकू आला. तासाभरात स्वारी अवजारांच्या पिशवीसकट हजर.

"बाई, गोष्ट छापा."

"अहो, तुम्हीच तर चार दोष काढलेत!"

"काढले ना! भंगारात घालायच्या लिफ्टचे दोष मी लिहीत बसत नाही. फुली मारतो आणि घरी जातो. जिच्यात माणसं बसायची, तिचेच लिहितो."

बाई मला पुढे सरकवून म्हणाल्या, "तोंडी चालत नाही. लिहून द्या."

आली का पंचाईत! ज्या माणसानं बायकोच्या आमटीलाही कधी चांगलं म्हटलं नाही, तो लिहिणार काय? पण मिस्त्री खुर्चीतून हलले नाहीत. पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलं आणि अखेर लिहिलं, "नववा मजला खरा वाटला. माणसं बसवायला हरकत नाही."

हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. गोष्ट माझ्यासकट लेखिकेकडे गेली, दुरुस्तीसाठी. चौथ्या दोषापुढं तिनं पेन्सिलीनं लिहिलं, "कबूल." छापलेल्या गोष्टीत म्हातारी रडत नाही. बंद लिफ्टमध्ये ठाण मांडून बसते आणि बजावते, दुरुस्त झाल्याशिवाय मी उठायची नाही.

आता मी लेखिकेच्या खणात असतो. वाचकांनो, चुका बिनधास्त काढा, पण आवडलं असेल तर तेही लिहा. लिहिणाऱ्याला ते आपोआप कळत नाही हो!

काल माझ्या शेजारी एक नवं पत्र येऊन पडलं. अक्षर मी लगेच ओळखलं.

"बाई, गोष्ट वाचली. चांगली आहे. त्या म्हातारीला फार वेळ बसवून ठेवू नका. इमारतीचा पत्ता कळवा, मी येतो. नवव्या मजल्यावर माझंही माणूस आहे."