थोडा फरक

"ताई, यांना सांग, माझं नाक एवढं चपटं नाहीये," जाळीच्या मुखवट्याखालून धाकटा भाऊ पुटपुटला.

"बोलू नका हो, वाकडा बसेल," तंत्रज्ञ बाई हसली. गरम पाण्यातून काढलेलं मऊ प्लॅस्टिक तिने त्याच्या चेहऱ्यावर ताणून बसवलं होतं. ते कडक झालं की उपचाराच्या वेळी डोकं तसूभरही हलणार नव्हतं. ताईही हसली खरी, पण तिची नजर त्याच्या उजव्या डोळ्यावरून हलेना.

भाऊ गोदीत क्रेन चालवायचा. उंच केबिनमधून अवजड पेट्या नुसत्या नजरेच्या अंदाजाने अलगद खाली टेकवायचा. त्याच्या कवटीच्या तळाशी गाठ निघाली होती, उजव्या डोळ्याच्या नसेला अगदी खेटून. कापायला डॉक्टर धजावेनात. कार्बनच्या अणुकेंद्रांचा झोत सोडून ती जाळायची, असं ठरलं.

ताईचं उभं आयुष्य त्याच अणुकेंद्रांत गेलं होतं. एक केंद्र दुसऱ्यावर आदळतं आणि काहीही न मोडता, नुसती वाट बदलून निघून जातं. ते किती वळेल याचं गणित ती संगणकावर मांडायची. आतल्या एका कणाचा धक्का, मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, असे एकामागून एक मोठे धक्के जमेस धरून. प्रयोगातले ठिपके तिच्या रेषेवर छान बसत. कोन मोठा झाला की मात्र रेषा सोडून भरकटत. 'मोठ्या कोनांवर थोडा फरक आढळतो,' असं तिने शोधनिबंधात लिहून टाकलं होतं. लिहिताना काहीच वाटलं नव्हतं. पण या रुग्णालयाच्या उपचारांच्या आराखड्यात आपलेच आकडे आहेत हे कळलं, आणि कण हिशोबापेक्षा जास्त वळून नसेवर गेले तर, या विचाराने त्या 'थोडा'पायी तिला घास गिळवेना.

ती तडक रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञाला जाऊन भेटली.

"मॅडम, इतके वळणारे कण लाखात एखादे," तो म्हणाला. "शिवाय आम्ही नुसत्या आकड्यांवर विसंबत नाही. प्रत्येक झोत आधी पाण्यात सोडून मोजतो."

"पाण्यात नस नसते."

त्याने समोरची फाइल मिटली. "सख्खा भाऊ ना? मग गणित जरा बाजूला ठेवा."

तिला ते जमलं नाही. सोडून दिलेले बारीकसारीक धक्केही तिने गणितात घातले. रेषा ठिपक्यांच्या जवळ सरकली, पण टेकली नाही.

पहिल्या उपचाराला जाताना भावाने विचारलं, "ताई, खरं सांग. तुझा हिशोब बरोबर आहे ना?"

'जवळजवळ' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. "बरोबर आहे रे," ती म्हणाली.

"मग तूच का एवढी घाबरलीयेस?"

जाडजूड दार लागलं. वरचा लाल दिवा पेटला. तो विझेपर्यंत ती दारापाशीच उभी राहिली. पुढे रोज तशीच उभी राहायची.

गाठ आकसली. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. पण काही महिन्यांनी उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं आणि मग तो डोळा गेलाच.

"नस गाठीतच गुंतली होती. हा धोका आम्ही आधीच सांगितला होता," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या आकड्यांचा काही संबंध नाही."

भौतिकतज्ज्ञाने तिच्यापुढे सगळी मोजमापं ठेवली. ती चोख होती. माणसांत असली की तिला ते पटायचं. एकटी पडली की पटेनासं व्हायचं.

एका डोळ्याला अंतर कळत नाही, म्हणून क्रेन सुटली. गोदीने त्याला फाटकावर बसवलं.

एका रविवारी ती त्याच्याकडे गेली, तर तो स्वयंपाकघरात चहा करत होता. ती मदतीला पुढे झाली.

"बस गं, मी देतो," तो म्हणाला.

त्याने किटलीची चोच हळूच कपाच्या कडेला टेकवली. टेकल्याचा बारीक आवाज ऐकला आणि मगच ओतायला सुरुवात केली. थेंबही सांडला नाही. ताईने मान वळवली आणि कप हातात येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली.