पाच मिनिटं आधीची तोफ

“लबीब, तोफ कुणी उडवली?”

फोनवर उस्ताद बहगत होते, शहरातल्या टीव्ही चॅनेलचे मुख्य. ते घरी इफ्तारच्या ताटावर बसलेले होते, कारण मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि एक बाई चिडून काहीतरी बोलत होती.

लबीबने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. रोजा सोडायची खूण म्हणून रोज लावायच्या फितीतला, जुन्या किल्ल्यावरच्या तोफेचा धूर नुकताच विरला होता आणि मगरिबची, सूर्यास्ताची अजान चालू झाली होती. रोजच्यासारखंच सगळं. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. अलेक्झांड्रियाच्या पश्चिम बंदरातल्या क्रेनच्या वर सूर्य अजून आरामात बसला होता, त्याला कसली म्हणून घाई नव्हती.

“अरे, बोल की! माझ्या सासूच्या तोंडात खजूर आहे. गिळू की थुंकू म्हणून मला विचारतेय!”

“मीच उडवली, उस्ताद,” लबीब म्हणाला. त्याच्या तोंडातला घास अजून गिळून झाला नव्हता.

“मग बंद कर ते!”

“अजान? मध्येच?”

“नाहीतर काय, पुरी ऐकवून पाच मिनिटांनी परत लावणार आहेस?”

लबीबने अजान तोडली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तोडलेल्या जागी त्याने हाताला लागलं ते लावलं, समुद्र आणि त्यावर फिरणारे पांढरे पक्षी. खरी वेळ झाली तेव्हा त्याने तोफ पुन्हा उडवली. त्या संध्याकाळी शहरात दोन तोफा उडाल्या आणि पहिलीवर किती लोकांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला याचा हिशेब देवालाच ठाऊक.

रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी त्या खुर्चीवर लबीब बसायचा. असा नियम कुणी केला नव्हता. तो किब्ती, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या पंथाचा ख्रिस्ती, बाकीचे सगळे मुसलमान. पहिल्याच वर्षी तो आपण होऊन म्हणाला होता, “तुम्ही जा घरी, पोराबाळांत बसून सोडा रोजा. मी बघतो इथलं.” तेव्हापासून ते चालत आलं. नाताळच्या आणि ईस्टरच्या रात्री त्याच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसायचं. तोफ वेळेवर उडेल का, अशी शंका कुणाच्या मनात यायची नाही. “लबीब आहे ना,” एवढं बोलून लोक कोट चढवायचे. ते तीन शब्द कानावर पडले की लबीबची छाती दोन बोटं फुगायची. आणि का फुगू नये? सगळं शहर त्याच्या एका बोटावर जेवायला बसत होतं.

आणि त्याच बोटाला त्या दिवशी वड्याचं तेल लागलेलं होतं.

त्याचं असं झालं. ईस्टरआधीचा पंचावन्न दिवसांचा मोठा उपवास यंदा रमजानमध्येच आला होता. लबीब सकाळपासून उपाशी होता, पण त्याचा उपवास दुपारीच सुटायचा. रोजा धरलेल्यांसमोर खायचं नाही हा त्याचा शिरस्ता. दुपारभर माणसांची ये-जा राहिली म्हणून तो थांबला. शेवटचा माणूस घरी गेल्यावर त्याने दार लावलं आणि तामियाचे वडे घातलेला पाव बाहेर काढला. खोलीत कुणी नव्हतं, तरी शाळेतल्या पोरासारखा टेबलाखाली डोकं घालून तो खात होता. शेजारच्या पडद्यावर कैरोचं राष्ट्रीय चॅनेल लावलेलं असायचं. कैरोत सूर्य पाच मिनिटं आधी मावळतो. तिथली अजान रोजच त्याच्या कानावर पडायची, आणि ती संपली की तो सावकाश खुर्ची पुढे ओढून आपल्या वेळेची वाट बघायचा. त्या दिवशी कैरोची अजान झाली तेव्हा तोंडात घास होता. कुणीतरी खाताना पकडल्यासारखा तो दचकला आणि हात आपोआप बटणावर गेला.

खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं.

उस्ताद बहगत अर्ध्या तासात कचेरीत आले. पडद्याखाली पट्टी फिरू लागली: तांत्रिक बिघाडामुळे वेळेआधी तोफ दाखवली गेली, चॅनेल दिलगीर आहे.

“बिघाड नव्हता, उस्ताद,” लबीब म्हणाला. “माझं नाव घाला.”

“नाव घालू?” बहगतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कुणाचं? लबीब जिर्जिसचं? उद्या हॉटेला-हॉटेलात म्हणतील, ख्रिस्त्याने मुद्दाम आमचे रोजे बुडवले. मशीन बिघडलं होतं. मशीनला धर्म नसतो. जा, घरी जा आता.”

ते वाईट बोलत नव्हते. त्याच्याच भल्यासाठी बोलत होते, आणि तेच लबीबला जास्त लागलं. चूक आपली आणि ती झाकायला दुसऱ्याने खोटं बोलायचं, तेही रोज्याच्या दिवसांत.

त्या संध्याकाळच्या कार्यक्रमात मौलवींनी सांगून टाकलं: ज्यांनी पहिल्या तोफेवर खाल्लं त्यांचा आजचा रोजा मोडला, रमजान संपल्यावर त्यांनी एक दिवस भरून द्यावा. लोक कुरकुरले, हसले. सिगारेट-तंबाखूच्या टपरीवर एकजण म्हणाला, “आपल्या चॅनेलला आपल्यापेक्षा जास्त भूक लागली होती.” सगळ्यांनी मिळून विषय मिटवला. पण लबीबच्या डोळ्यांसमोर सगळे लोक नव्हतेच. एकच बाई होती.

हज्जा इन्शिराह त्याच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायची. लबीबची आई दवाखान्यात नर्स होती आणि तिच्या रात्रपाळ्या असत. लबीब लहानाचा मोठा झाला तो हज्जाच्या स्वयंपाकघरात, तिच्या मुलाबरोबर एकाच ताटात जेवून. मुलगा आता कुवेतला होता. हज्जाचे कान गेले होते, साखर वाढली होती, आणि डॉक्टरने रोजे साफ बंद केले होते. ती मुलाशी व्हिडिओ कॉलवर भांडली, डॉक्टरशी तोंडावर भांडली आणि शेवटी एका दिवसाची परवानगी काढली. नवरा वारला तो दिवस, आणि तो नेमका तोफ चुकली त्याच दिवशी आला. त्या सकाळी लबीब जिना उतरत होता तेव्हा तिने दारातून ओरडून सांगितलं होतं, “आज माझा रोजा आहे रे! अजान काही मला ऐकू येत नाही. तुझी तोफ दिसली की सोडणार!”

तिने तोफेवर सोडला असणार. आणि तोफ दिसली की टीव्ही बंद करून नमाजला बसायची तिची सवय. खालची पट्टी तिने वाचली नसणार.

“मग तिला सांगतोस कशाला?” लबीबची बायको ईरिनी म्हणाली. “तिला वाटतंय तिचा रोजा झाला. वाटू दे की. सांगितलंस तर पुन्हा धरेल. तिची साखर तुला माहीत आहे, एखाद्या दिवशी उठायची नाही.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर तुझाच जीव जळेल. तो जळू दे. तुझी साखर चांगली आहे.”

लबीबने ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उपवास सुटला तरी त्याने काही खाल्लं नाही, आणि त्याचा उपवासाशी संबंध नव्हता. वर्षाकाठी त्या बाईने एकच दिवस मागून घेतला होता, नवऱ्याच्या नावाचा, आणि आपण तो वड्याच्या पावापायी घालवला. हे तिला न सांगणं म्हणजे तिच्या ताटातून दुसऱ्यांदा चोरणं, असं त्याला वाटत राहिलं. कामावर जायच्या आधी तो पहिल्या मजल्यावर थांबला आणि दाराशेजारची दिव्याची कळ खालीवर करून आतला दिवा लुकलुकवला. बहिऱ्या बाईला घंटा ती काय ऐकू येणार!

“ये, ये! तोफवाला आला!” हज्जाने दार उघडलं. ती खुशीत होती. “कालचा दिवस कसा गेला, कळलंसुद्धा नाही. माझा म्हातारा वर स्वर्गात बसून बघत असेल, म्हणत असेल, म्हातारीत अजून दम आहे.”

“हज्जा, कालची तोफ चुकली,” लबीब हळू म्हणाला.

“काय?”

“तोफ चुकली!”

“मोठ्याने बोल, बाळा. बायकोशी बोलल्यासारखा काय कुजबुजतोस?”

मनातली चूक माणूस कुजबुजून सांगतो. लबीबच्या नशिबी तेही नव्हतं. त्याने श्वास घेतला आणि जिना दणाणून जाईल असा ओरडला, “काल तोफ लवकर उडली! सूर्य मावळला नव्हता! मी उडवली, हज्जा! मशीन बिघडलं नव्हतं! मी खात होतो!”

खाली दरवान शाबान जिना पुसत होता. त्याचा बादलीतला हात थांबला.

हज्जा लबीबच्या ओठांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, आणि मग ते गेलं.

“म्हणजे माझा रोजा झाला नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“काय खात होतास?”

“तामिया.”

“कोपऱ्यावरच्याकडचा? त्याचं तेल आठ-आठ दिवस तेच असतं,” असं म्हणून ती आत गेली. लबीब दारातच उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या, रडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. आतून भांड्यांचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळाने हज्जा मसुराच्या आमटीचा वाडगा आणि पाव घेऊन आली.

“बस.”

“हज्जा, मला नको. घशाखाली उतरायचं नाही.”

“तुला विचारलं का मी? तूप नाही घातलंय, तेलातली आहे. तुझ्या उपवासाला तूप चालत नाही ना?” तिने वाडगा त्याच्यापुढे सरकवला. “मला परत धरायला डॉक्टर मेला तरी देणार नाही. ज्याला रोजा धरता येत नाही त्याने भुकेल्याला जेवू घालावं, असा नियम आहे. आणि तू कालपासून जेवलेला दिसत नाहीस.”

“मौलवी म्हणतील, जेवू घालायचं ते गरीब मुसलमानाला. मी चालत नाही.”

“मौलवींच्या गरिबांसाठी मशिदीत ताट जाईल, शाबानच्या हातून. हे माझ्या मनासाठी. जेव.”

लबीब जेवला. लहानपणी जेवायचा तसाच, तिच्यासमोर खाली मान घालून. आमटीत लिंबू पिळलेलं होतं, त्याला आवडायचं तसं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते पुसायचं म्हणजे तिला दाखवायचं, म्हणून त्याने वाडगा तोंडाला लावला. हज्जा समोर बसून त्याच्याकडे न बघता ओढणीचं टोक चुरत होती.

“इतक्या वर्षांत मी खिडकीकडे कधी पाहिलंच नाही,” ती मध्येच म्हणाली. “म्हटलं, बघायचं कशाला? लबीब आहे ना.”

त्या संध्याकाळी लबीबने शेजारच्या पडद्याचा आवाज पूर्ण बंद केला. घड्याळ पाहिलं, बंदरात सूर्य बुडताना डोळ्यांनी पाहिला आणि तरीही कोपऱ्यावरच्या मशिदीची अजान ऐकू येईपर्यंत बटणाला हात लावला नाही. तोफ अगदी वेळेवर उडली.

पुढच्या दिवशी तो कामाला निघाला तेव्हा हज्जाचं दार अर्धवट उघडं होतं. रोजा नसला तरी रोज संध्याकाळी ती लोकांबरोबरच खजूर तोंडात टाकायची आणि त्यासाठी दुपारपासूनच मांडून बसायची. आजही बशीत तीन खजूर होते, पाण्याचा पेला झाकलेला होता, टीव्ही चालू होता आणि त्यावर लबीबचंच चॅनेल होतं. फक्त खुर्ची फिरवलेली होती. टीव्हीकडे पाठ करून हज्जा पश्चिमेच्या खिडकीत बसली होती. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून ती सूर्याकडे बघत होती.

“हज्जा,” लबीबने हाक मारली.

तिला ऐकू गेलं नाही. दिव्याची कळ दाराशेजारीच होती. लबीबचा हात तिथवर गेला आणि मागे आला. वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याने दार हलकेच ओढून घेतलं आणि तो कामावर गेला.