दुसऱ्या रेघेची वाट

ताईने पिशवीत चार दिवसांचं बिऱ्हाड भरलं होतं. उशी, थर्मास, दोन चादरी, शिवायला घेतलेला कुणाचा तरी शर्ट.

"अगं, मी दवाखान्यात तपासून घ्यायला आलेय, नांदायला नाही," छोटी खोकत म्हणाली. धाकटी बहीण अठ्ठेचाळीस वर्षांची झाली तरी छोटीच.

ताई हसली नाही. गेल्या वर्षी असाच ताप-खोकला होता, तेव्हा नवऱ्याच्या उरलेल्या अँटिबायोटिकची गोळी तिनेच छोटीला दिली होती. तासाभरात छोटीचा चेहरा सुजला, श्वास कोंडला. जीव वाचला, पण ताईच्या छातीवरचा दगड काही हलला नाही.

"जिवाणूंचा संसर्ग असेल तर अँटिबायोटिक द्यावंच लागेल," डॉक्टरीणबाई छाती तपासून म्हणाल्या. "वेगळ्या जातीचं देऊ, पण दाखल करून, नजरेखाली. विषाणूंचा असेल तर त्याचा उपयोगच नाही. आधी रक्ताचा थेंब बघू."

सिस्टरने बोटाला टोचलं. छोटीने हूं की चूं केलं नाही. जन्मभर शिवताना बोटात सुया टोचून घेतलेल्या ताईनेच डोळे मिटले.

थेंब तपासणीच्या पट्टीवर पडला. थोड्या वेळाने एक रेघ उमटली.

"आली," म्हणत ताई पट्टीवर वाकली.

"मावशी, ती पट्टी चांगली असल्याची खूण. आता वरची आली तर विषाणू, नुसती खालची आली तर जिवाणू. आणि जरा सरका, मला दिसत नाही," सिस्टर म्हणाली.

दहाव्या मिनिटाला वर एक फिकी रेघ दिसली, कच्च्या टाक्याच्या धाग्याएवढी. खालची जागा कोरीच राहिली.

"विषाणू. छातीही साफ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विश्रांती, भरपूर पाणी, तापाची गोळी. दम लागला किंवा तीन दिवसांत ताप उतरला नाही तर लगेच या."

"म्हणजे अँटिबायोटिक नाही?" ताईने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तशी छोटी म्हणाली, "पुरे. वैतागून लिहून देतील त्या."

ताईने पिशवीतल्या उशीखालून गोळ्यांचं अर्धवट पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "त्याच त्या गोळ्या. कचऱ्यात टाकल्या तर कुणाच्या हाती लागतील म्हणून वर्षभर सांभाळतेय. तुम्हीच काय ते करा."

बसथांब्यावर छोटीने उशी ताईच्या खांद्याला टेकवली आणि डोळे मिटले.

"बघ, आणली ते बरं झालं की नाही?"

छोटी उत्तरादाखल खोकली. ताई दचकली नाही. तिने थर्मास उघडला.