पंख उसवताना

दंतवैद्यांच्या गाडीला शेडमधून हद्दपार होऊन बरीच वर्षं झाली होती. ती बिचारी फाटकाबाहेर ऊन-पाऊस खात उभी असायची आणि आत तिच्या हक्काच्या जागी एक विमान तयार होत होतं. खेळण्यातलं नव्हे, खरं. दोन माणसं बसतील एवढं, लाकडी फासळ्यांचं, वरून कापड ताणून बसवलेलं. लांब पाय आणि फुगीर डोळ्यांसारखी काच पाहून दंतवैद्यांच्या बायकोने पहिल्याच वर्षी त्याचं नाव ठेवलं होतं ‘नाकतोडा’, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

दंतवैद्य आठवडाभर लोकांच्या दाढा कोरायचे आणि रविवारी फासळ्या घासायचे. जोडीला साडू असायचा. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. शाळेत भूगोल शिकवायचा, तोंडाने सदा चालू, हाताने कामसू. दोघी बहिणींचं म्हणणं असं, की लग्नं आपल्याशी झाली असली तरी संसार ह्या दोघांनी एकमेकांशीच मांडलाय.

बायकोचा व्यवसाय पडदे शिवण्याचा. नाटकगृहांचे जड मखमली पडदे तिच्या हातून जायचे. त्यामुळे पंखांना कापड चढवायची वेळ आली तेव्हा तिने दोघांना बाजूला सारलं. ‘‘तुम्ही हात लावलात तर पंख गोधडीसारखा दिसेल,’’ म्हणाली. मग तिने ते कापड चिकटवलं, इस्त्री फिरवून ढोलाच्या चामड्यासारखं ताठ केलं, आणि लांब सुईने एकेका फासळीला टाके घातले. वरून खाली, खालून वर. प्रत्येक टाक्याला गाठ. सगळा हिवाळा त्यात गेला. अंगठ्याला पट्टी बांधून ती शिवत राहिली, पण एक टाका वाकडा जाऊ दिला नाही.

आणि मग तो रविवार आला. घरामागच्या मोकळ्या जागेत नाकतोडा बाहेर काढून त्याला पहिल्यांदा दोन्ही पंख जोडले. शेजारपाजारचे कुंपणाशी गोळा झाले. कोणी फोटो काढत होतं, कोणी ‘‘लग्नाची वरात ह्यातूनच काढा’’ म्हणत होतं. साडू टुणकन आत जाऊन बसला आणि दांडा डावीकडे-उजवीकडे हलवू लागला. दांडा हलला की पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्या हलायच्या. एका पंखाची वर, दुसऱ्याची खाली. विमान कलतं ते ह्याच फळ्यांमुळे. साडू तोंडाने इंजिनाचा आवाजही काढत होता.

बायको उजव्या पंखाच्या टोकाशी उभी होती. बराच वेळ ती त्या फळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘अहो, ही वर जाते तेव्हा जेमतेम उठते, आणि खाली मात्र चांगली लोंबते. असं असतं का हो?’’

दंतवैद्य तेव्हा कुंपणापलीकडच्या एका गृहस्थांना इंजिनाची ताकद समजावून सांगत होते. मागे न बघताच म्हणाले, ‘‘हो गं, असंच असतं.’’

ती पानं वाढायला आत गेली. पण जेवताना दंतवैद्यांचा घास तोंडातच फिरू लागला. जेमतेम उठते? वर जाणाऱ्या फळीने जास्त उठायला हवं आणि खाली जाणाऱ्या फळीने थोडंच झुकायला हवं. हे त्यांना पाठ होतं. उलट झालं, तर वळताना विमानाचं नाक भलतीकडेच ओढ घेतं. ते पानावरून तसेच उठले.

पंखाच्या आत एक त्रिकोणी पट्टी असते. दांड्याकडून येणाऱ्या दोरीची ओढ ती फळीपर्यंत पोचवते. डाव्या पंखाची वेगळी, उजव्याची वेगळी; दिसायला जुळ्या बहिणी. पंखाच्या खालच्या बाजूला तेल घालण्यापुरतं एक झाकण होतं. दंतवैद्यांनी ते उघडलं, दवाखान्यातला लांब दांडीचा तोंडात घालायचा आरसा आत सरकवला आणि बॅटरी मारली. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, पण त्यांचा सगळा जन्म आरशात बघून दाढा कोरण्यात गेलेला. फसायला जागाच नव्हती. उजव्या पंखात डावी पट्टी बसली होती.

म्हणजे डाव्यात उजवी असणार.

हे झालं कसं, तेही लगेच ध्यानात आलं. कापड चढवण्याआधी, पंख उघडे असताना, विमानखात्याचा तपासनीस येऊन सगळं बघून, पसंत करून गेला होता. तो गेल्यावर साडूला लहर आली, की पट्ट्यांना पिवळा रंग दिला तर गंज धरणार नाही. दोन्ही पट्ट्या काढल्या, रंगवल्या, एकाच वर्तमानपत्रावर वाळत ठेवल्या. मग एक दंतवैद्यांनी बसवली, एक साडूने. बोल्ट मुकाट्याने आत गेले. कोणाला शंकाही आली नाही.

साडूला बोलावून आरसा दाखवला. त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, ‘‘पण उडेल ना? जरा नाक मुरडेल, एवढंच.’’

‘‘उडेल.’’

‘‘मग ताईंना कशाला सांगायचं? पट्टी काढायची तर वरचं कापड कापावं लागेल. दोन्ही पंखांचं. त्यांचा अंगठा बघितलात ना?’’

दंतवैद्य झाकणाचे स्क्रू हातात घेऊन उभे राहिले. मोह त्यांनाही झाला, नाही असं नाही. पण आत कीड ठेवून वरून दात भरून देणाऱ्यांना त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आणि सगळ्यात टोचत होतं ते भलतंच. तिने सरळ प्रश्न विचारला होता, आणि आपण तिच्याकडे पाठ करून उत्तर दिलं होतं.

ते घरात गेले. ती खिडकीशी चहा घेत बसली होती.

‘‘अगं, मघाशी तू विचारलंस ना, ते तसं नसतं,’’ ते म्हणाले. ‘‘तू बरोबर बघितलंस. आम्ही उलटसुलट बसवलंय.’’

तिने कप खाली ठेवला. ‘‘कापावं लागेल?’’

‘‘हो.’’

‘‘दोन्ही?’’

‘‘दोन्ही.’’

तिने खिडकीबाहेर बघितलं. तिथून पंख दिसत होते, उन्हात पांढरेशुभ्र, टाक्यांच्या रांगा ओळीत. दंतवैद्यांना वाटलं, आता ही रडेल तरी किंवा बोलेल तरी. दोन्ही परवडलं असतं. पण ती उठली, कप विसळून पालथा घातला आणि शिवणाच्या पेटीतून कात्री काढली.

‘‘मीच कापते,’’ म्हणाली. ‘‘तुम्ही कापलंत तर फासळीसकट कापाल.’’

पहिला डावा पंख घेतला. तिने तीन बाजूंनी कापड कापून पुस्तकाचं पान उलटावं तसं मागे दुमडलं. कात्री चालताना ताणलेल्या कापडाचा ‘चर्र’ असा आवाज झाला तेव्हा साडूने डोळेच मिटून घेतले. दंतवैद्यांनी आत हात घातला. पाना घेण्याआधी सवयीने बोल्टाच्या टोकावरचा नट चाचपला.

नट फिरला.

पाना नाही, जोर नाही. नुसत्या दोन बोटांनी, बाटलीचं झाकण फिरावं तसा. त्या नटातून एक पिन आरपार घालून तिची टोकं दुमडायची असतात, म्हणजे कितीही हादरे बसले तरी तो सैल होत नाही. पिन नव्हतीच. इंजिनाच्या थरथरीने नट सुटता, मग बोल्ट निसटता, आणि मग वरती, आकाशात, त्या फळीला धरून ठेवणारं काहीच उरलं नसतं. खालच्या झाकणातून हा नट दिसतही नव्हता. आरसा घालूनही दिसला नसता.

‘‘काय झालं?’’ बायकोने विचारलं.

दंतवैद्यांनी हात बाहेर काढला. नुसतं आत बोट दाखवलं. साडूने वाकून बघितलं आणि तो एकदम पालथ्या बादलीवर बसला.

‘‘ही बाजू माझी,’’ तो पुटपुटला. ‘‘नट आवळला आणि तेवढ्यात घरून फोन आला. नळ फुटला म्हणून. मी तसाच पळालो. दुसऱ्या दिवशी येऊन बघितलं तर मला वाटलं, झालंय.’’ मग तो रडायलाच लागला. ‘‘ताई, तुम्ही दोघं बसणार होतात ह्याच्यात. मी तुम्हाला...’’

दंतवैद्यांच्या डोक्यात रागाची एक तिडीक गेली. पण ती टिकेना. ह्याने पिन विसरली, खरं आहे. पण आपण ‘असंच असतं’ म्हणून मोकळे झालो होतो. तिने विचारलंच नसतं, किंवा आपल्याला जेवताना ते आठवलं नसतं, तर हे कापड कोणी कापलंच नसतं. एक चूक उघडायला गेलो म्हणून दुसरी सापडली. ते साडूजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बायको दोघांकडे बघत होती. कात्री तिने खाली गवतावर ठेवली. मग म्हणाली, ‘‘रडून झालं असेल तर ऐका. माझ्या पंखांना दोघांनी मिळून भोकं पाडलीत. आता दोघांनी सुई धरायची. मी नुसती बसून बघणार.’’

आणि तसंच झालं. पट्ट्या बदलल्या, पिना घातल्या. त्या घातल्या की नाही हे बायकोने स्वतः बोट लावून बघितलं. तपासनीसाला बोलावून दंतवैद्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. तो भला माणूस; ओरडला नाही, पण पुन्हा पहिल्यापासून एकेक नट तपासला, आणि जाताना बायकोला म्हणाला, ‘‘बाई, ह्या दोघांवर नजर ठेवा.’’ मग पुढचे कित्येक रविवार शेडमध्ये एक मजेशीर शाळा भरली. दंतवैद्य आणि भूगोलाचे मास्तर पंखाच्या दोन बाजूंना बसून सुई आरपार देत-घेत होते. धाकटी बहीण येऊन हसून हसून बेजार व्हायची. बायको खुर्चीत बसून सांगायची, ‘‘उसवा तो. वाकडा गेलाय.’’ आणि दोघं मुकाट्याने उसवायचे. साडूने बोटं टोचून घेतली, पण कुरकूर म्हणून केली नाही. उलट काम संपत आलं तसा तो हळहळू लागला.

नाकतोडा पहिल्यांदा उडवला तो विमान चालवायला शिकवणाऱ्या एका अनुभवी वैमानिकाने. तो उतरला, टोपी काढली आणि एवढंच म्हणाला, ‘‘लोण्यासारखं वळतं.’’ साडू तिथेच धावपट्टीच्या कडेला तोंड फिरवून उभा राहिला.

पुढे रीतसर परवाने मिळाल्यावर एका स्वच्छ सकाळी दंतवैद्य बायकोला शेजारी बसवून वर गेले. खाली घरांची छपरं, शाळेचं मैदान, चमकणारा पाण्याचा पट्टा. बायकोने सुरुवातीला दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती. मग एक हात सुटला, मग दुसरा. पंखाकडे बघत ती काही तरी मोजत होती, टाकेच असावेत.

दंतवैद्यांनी दांडा हलकेच कलवला. उजवा पंख उतरला, आणि नाक त्याच्यामागोमाग शहाण्यासारखं वळत गेलं. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात जे शब्द तोंडातून कधी धड निघाले नव्हते, ते त्यांनी तोंडासमोरच्या माइकमध्ये उच्चारले.

‘‘तुझे उपकार आहेत गं माझ्यावर.’’

‘‘काय?’’ इंजिनाच्या घरघरीत तिला ऐकूच आलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा सांगितलं, जवळजवळ ओरडून.

ती त्यांच्याकडे वळली. चष्म्याआड डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच.

‘‘ते घरी गेल्यावर बोला,’’ ती म्हणाली. ‘‘आधी समोर बघा.’’