निळे टाके

निवडीच्या दिवशी कामांवरच्या सह्या कागदी चिकटपट्टीने झाकायच्या, हा बायकांच्या त्या सहकारी कलादालनाचा पहिल्यापासूनचा रिवाज. काम कुणाचं ते ओळखलं तरी ओठ मिटून घ्यायचे. सगळ्यांचे हात वर गेले तरच ते भिंतीवर चढायचं. एक जरी हात खाली राहिला, तर आल्या वाटेने घरी. आणि नव्या बाईचं पहिलं निवडलेलं काम कायमचं दालनाचं व्हायचं. मगच ती सभासद.

त्या दुपारी दालनात नणंद-भावजय दोघी होत्या. तिसरं काम समोर ठेवलं आणि नणंद एक पाऊल पुढे आली.

काळ्या कापडावर एक पांढरा शर्ट होता, शिवण न् शिवण उसवलेला. कॉलर एकीकडे, बाह्या दूर दूर, पाठ एकटीच. जणू एका घरातली माणसं, पण एकमेकांशी बोलणं टाकलेली. फक्त डाव्या छातीवरचा खिसा जागच्या जागी होता, निळ्या दोऱ्याच्या टाक्यांनी धरलेला.

ते टाके तिचेच होते. दाराच्या कडीत अडकून दादाचा खिसा फाटला, तेव्हा घाईत तिला पांढरा दोरा सापडेना. "खिशाला नदी जोडलीस की गं!" म्हणत दादा तसाच कामावर गेला, आणि पुढे वर्षानुवर्षं तो शर्ट मिरवत राहिला.

दादा गेल्यावर तिने वहिनीकडे एवढंच मागितलं होतं, "एक शर्ट दे त्याचा. न धुतलेला."

"देऊन टाकले हो सगळे, वन्सं," वहिनी म्हणाली होती.

घरात बसून बसून विझत चाललेल्या त्याच वहिनीला हाताला धरून या दालनात आणलं होतं, तेही हिनेच.

एकेक हात वर जाऊ लागला. वहिनी कोपऱ्यात, खिडकीचा गज धरून, मान खाली घालून उभी.

नणंदेचा हात तेवढा खाली राहिला. खालीच ठेवला, तर शर्ट आज घरी जाईल. मग मागून घेता येईल, नाहीतर भांडून. वर केला, तर वहिनी सभासद होईल आणि दादा या भिंतीचा.

मातीकाम करणारी मावशी वैतागली. "अगं बाई, वर तरी कर, नाहीतर नको म्हणून सांग तरी! आमचे हात काय दोरीवर वाळत घातलेत?"

सगळ्या हसल्या. वहिनी हसली नाही.

नणंदेने हात वर केला. विहिरीतून भरली घागर ओढावी, तसा तो वर आला.

बायका चहाला गेल्या. कामं टांगायची ती नेहमी नणंदेनेच. वहिनी एकेक खिळा तिच्या हाती देत राहिली.

"खोटं बोललीस माझ्याशी."

"हो."

"धुतलास?"

"पुन्हा पुन्हा धुतला. वास होता तोवर कात्री चालेना, वन्सं."

नणंदेने कापडाला नाक लावलं. खळीचा वास आला. नुसता खळीचा.

"आणि खिसा का ठेवलास?"

"तोही उसवणारच होते. टाका हाताला लागला आणि वाटलं, हा माझा नाही. दुसऱ्याचं कसं उसवू?" वहिनीने उरलेले खिळे मुठीत धरले. "तुम्हाला द्यायला हवा होता, कळत होतं मला. पण तुम्ही तो जपला असता. आणि मला... कपाट उघडलं की लटकलेला असायचा हो, आत माणूस असल्यासारखा. कुठवर उघडू मी ते कपाट?"

नणंदेने दोन बोटं खिशात घातली. लहानपणी अशीच घालायची. दादाच्या खिशात तिच्यासाठी काही ना काही असायचंच. कधी शेंगदाणे, कधी खडूचा तुकडा.

बोटं तळाशी टेकली. काही नव्हतं.

मग तिने डोळे पुसले, बाजूची पाटी उचलली आणि शर्टाखाली स्वतःच ठोकली:

कृपया हात लावू नये.