दोन वर्षांचे ढग

“काका, तुम्ही माणूस आहात का यंत्र?” मॅडमनी नोंदवही मिटली आणि खळखळून हसल्या. “दोन वर्षांत एक चूक नाही! माझं गणित आणि तुमचे डोळे, अगदी हुबेहूब.”

निरीक्षक काका कसनुसं हसले.

मॅडम वेधशाळेत आल्या होत्या त्या संशोधनासाठी. गच्चीवरची सौर पॅनेलं किती वीज देतात, त्यावरून डोक्यावरचा ढग केवढा आणि किती दाट, ते सांगायचं. आपलं उत्तर खरं की खोटं, हे त्या काकांच्या नोंदींशी ताडून बघत होत्या. दर तासाला गच्चीवर जायचं, मान वर करायची, आभाळाचे आठ भाग धरून किती झाकलेत ते लिहायचं. एकतीस वर्षं काकांनी दुसरं केलं तरी काय होतं!

पण शेवटची दोन वर्षं त्यांनी मान वर केलीच नव्हती. डावा डोळा काचबिंदूनं खाल्लेला. उजव्याला जवळचं तेवढं दिसायचं, आभाळ म्हणजे नुसतं पांढरं फडकं. डॉक्टरांनी हात टेकले. नजर गेली म्हणावं, तर नोकरी जाणार. मग काका जिन्यातल्या पॅनेलच्या मीटरला नाक लावायचे. वीज भरपूर, म्हणजे आभाळ मोकळं. निम्मी, म्हणजे चार-पाच भाग ढग. लिहून मोकळे. कोणाचं काय बिघडत होतं?

आता बिघडत होतं. पॅनेलची साक्ष पॅनेलच देत होतं.

“उद्या शोधनिबंध पाठवते,” मॅडम म्हणाल्या. “आणखी चाळीस ठिकाणी हेच गणित लावणार आहेत.”

डबा उघडून काकांनी बायकोला फोन केला.

“अहो, निवृत्तीला आठ महिने राहिलेत,” ती म्हणाली. “इतके दिवस निभावलंत, आता गप्प बसा की. जेवलात का?”

घास उतरत नव्हता. दिसतंय असं दाखवून दाखवून त्यांचा जीव अगदी शिणला होता. डबा तसाच झाकून ते मॅडमसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं.

“काका!” मॅडमचा आवाज चढला. “चार वर्षं घातलीत मी यात. काय केलंत हे?”

“ही दोन वर्षं खोडा. पॅनेल बसल्यावरचं पहिलं वर्ष माझ्या डोळ्यांचं आहे, ते घ्या. त्यात चुका सापडतील.”

मॅडमनी नोंदवही ओढून पहिल्या वर्षाची पानं काढली. भिंतीवर तीन वाजले. काका सवयीनं उठले, तशा त्याही मागोमाग गच्चीवर आल्या.

“सांगा,” काका म्हणाले.

मॅडमनी मान वर केली. “पांढरे आहेत... म्हणजे... खरं सांगू? मला नुसतं बघून कळत नाही.”

“तळ सपाट आहे का? कडा स्पष्ट दिसतात?”

“हो.”

“घाई नका करू. सगळीकडे फिरून बघा, मग आठातले किती ते सांगा.”

“तीन. नाही, चार.”

काकांनी वही डोळ्यांशी धरून चार लिहिलं. मग निरीक्षकाच्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि पेन मॅडमच्या हातात दिलं.