जीपचं बोट

आमच्या घरात गाडीला नुसतं कुलूप लावून कुणाचं समाधान होत नाही. आम्ही गाडीचं बोट काढतो. म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. जुन्या पेट्रोल इंजिनात वाटीएवढी एक काळी टोपी असते. तिच्या दोन क्लिपा सोडवल्या की आतून एक छोटासा तुकडा हातात येतो, त्याच्या डोक्यावर पितळी पट्टी असते. इंजिन फिरताना हा तुकडा एकेका प्लगला वीज वाटत असतो. तो काढून खिशात टाकला की चोराने किल्ली फिरवू दे, वायरी जोडू दे, नाहीतर देवाचा धावा करू दे, इंजिन नुसतं खोकत राहतं. बाजारात त्याला रोटर म्हणतात. आम्ही बोट म्हणतो, कारण ते दिसतं तसंच.

ही सवय बाबांची. आमचं गाड्यांच्या वायरिंगचं वर्कशॉप आहे आणि आमच्या भागात चारही चाकांना जोर असलेली गाडी म्हणजे चोरांना आवतणच. डोंगरापलीकडे खाणी आहेत. इकडून गेलेली जीप तिकडे पोहोचेपर्यंत तिचा रंग बदललेला असतो आणि खाणवाले कागद विचारत नाहीत. म्हणून दादा गाडी शिकला त्या दिवसापासून घरात एकच घोष: "बोट काढलंस का?" तो विसरला तर बाबा त्याला भरल्या ताटावरून उठवायचे. मी आपली गालात हसायचे. दादा मोठा असून त्याला बोलणी बसतात याचा मला कोण आनंद.

दादा मोबाइलच्या टॉवरची दुरुस्ती करायचा. डोंगरावरच्या टॉवरपर्यंत रस्ता नाही, नुसती दगडांची वाट, तीही अर्ध्यात संपते. त्यासाठी त्याने भंगारातून ही जीप उभी केली. इंजिन एका गाडीचं, गिअर दुसरीचे, दरवाजे तिसरीचे. टोपीत बसेल असं बोट कुठेच मिळेना, तेव्हा त्याने भलत्याच गाडीचं बोट आणून कानस मारमारून ते बसतं केलं. तसं बोट जगात दुसरं नव्हतं. "आता चोराला माझा खिसाच कापावा लागेल," असं तो वहिनीला ऐटीत सांगायचा.

मागच्या थंडीत तो टॉवरवर गेला आणि परत आला नाही.

दुपारनंतर धुकं उतरलं होतं, हातातली वस्तू दिसू नये असं. दुसऱ्या दिवशी शोधायला माणसं गेली. वाट संपते तिथे जीप नीट उभी होती. टोपी जागेवर, क्लिपा लावलेल्या, आणि आत बोट नव्हतं. खाली दऱ्या आहेत, घळी आहेत, दाट रान आहे. पुष्कळ शोधलं. त्याची टॉर्चसुद्धा मिळाली नाही. शेवटी जीप दोरीने ओढून घरी आणली आणि वर्कशॉपमागच्या शेडमध्ये लावली.

लोक दोन्ही बाजूंनी बोलले. कुणी म्हणाले दरीत गेला, कुणी म्हणाले पळून गेला. वहिनीने एकच धरून ठेवलं. "बोट काढून नेलंय ना? म्हणजे परत येऊन गाडी चालवायच्या हिशोबानेच गेलेत. बोट त्यांच्या खिशात आहे. ते येतील." तिचा भाऊ तिला न्यायला आला, समजावून थकला आणि हात हलवत गेला. बोट दादाच्या खिशात आहे एवढ्या एका गोष्टीवर ती जगत होती. सकाळी शिलाईच्या कारखान्यात जायची, संध्याकाळी यायची आणि आधी शेडमध्ये डोकावून मग पायातल्या चपला काढायची.

त्यामुळे जीप जपणं हे माझं काम झालं. जीप गेली तर वहिनी कशाच्या आधारावर उभी राहणार? त्यात एक खाणवाला सारखा घिरट्या घालायला लागला. "उभ्या उभ्या सडेल ताई, विकून टाका," असं गोड बोलायचा आणि बोलताना त्याचे डोळे शेडच्या कड्या मोजत असायचे. मी चाकातून साखळी ओवली. स्टिअरिंगला दांडा अडकवला. बाबांनी आणि मी मिळून शेडच्या दाराला भोंगा बसवला. बाबा या कामात माझ्याहून हट्टी. मी एकदा म्हटलं, "एखादं बोट घासून बसवू या, अधूनमधून इंजिन फिरवायला हवं, नाहीतर जाम होईल." तर ते इतके भडकले की हातातला पाना खाली पडला. "कुणी हात लावायचा नाही त्या टोपीला!" मला वाटलं, मुलाचं दुःख आहे, बोलू दे.

मग शेजारच्या इस्त्रीवाल्याने मला हटकलं. "दादा आला का गं?"

"का?"

"दुपारी जीप सुरू होती. त्याच जीपचा आवाज, मी ओळखतो ना. सुरू होते, बंद होते. परत सुरू होते."

"बोटाशिवाय कशी सुरू होईल? कुणाची दुसरी असेल."

"असेल," तो म्हणाला आणि इस्त्रीतले निखारे हलवायला लागला. पण माझ्या नजरेला नजर देईना.

मी शेडमध्ये गेले. कुलूप जागेवर, साखळी जागेवर, भोंग्याचा लाल दिवा लागलेला. मला माझंच हसू आलं. निघताना सहज बॉनेटवर हात टेकला आणि चटकन काढून घेतला. बॉनेट कोमट होतं. बाहेर इतकी थंडी की लोखंड हाताला चावावं, आणि हे कोमट, माणसाच्या कपाळासारखं. बॉनेट उचलून टोपी उघडली. आत बोट नव्हतं.

बाबांना विचारलं. दुपारी मी गिऱ्हाइकांकडे असते आणि ते वर्कशॉपच्या माळ्यावर आडवे होतात. "मला कसला आवाज नाही आला," म्हणाले. माझे बाबा बहिरे नाहीत, पण हवं तेवढंच ऐकतात. ते मी त्यांच्या वयावर घातलं.

वहिनीला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण इस्त्रीवाल्याच्या पोटात काही राहत नाही. ती धावत घरी आली, तोंडावर असा उजेड की मला बघवेना. "तेच आहेत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडे आहे ते बोट?"

"अगं वहिनी, मग घरात का येत नाही? शेडपासून स्वयंपाकघर हाकेवर आहे."

"काहीतरी असेल. येववत नसेल."

हे ती इतक्या सहज म्हणाली की माझ्या अंगावर काटा आला. शेडच्या कुलपाची किल्ली आणि जीपची जादा किल्ली वर्कशॉपच्या खिळ्याला असतात, त्या कुणालाही मिळतील. भोंगा बंद करायचं बटण सापडेल. स्टिअरिंगचा दांडा नि चाकातली साखळी गाडी हलू देत नाहीत, पण इंजिनला काय त्याचं? सगळ्याला उत्तर होतं. फक्त बोटाला नव्हतं. ते दादाबरोबर गेलं होतं आणि दादा जिथे असेल तिथून रोज दुपारी आमच्या शेडमध्ये येत होता, जीप सुरू करत होता आणि निघून जात होता.

वहिनीने त्याचा स्वेटर ड्रायव्हरच्या सीटवर नेऊन ठेवला. "काचेतून गार वारा येतो त्यांना," म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तो घेऊन माझ्याकडे आली. स्वेटरची व्यवस्थित घडी घातलेली होती, आणि छातीपाशी तो ओला होता. पाण्याने भिजल्यासारखा नाही, दमट. ती तो नाकाशी धरून उभी राहिली. खरं सांगते, त्या रात्री मी स्वयंपाकघराची मागची कडी दोनदा तपासली. सख्ख्या भावासाठी कडी लावणारी मी बहीण.

भीतीने काम होत नाही, वायरीने होतं. मी ठरवलं की आता भोंगा नको, साखळी नको. आतापर्यंतचं सगळं मी बाबांच्या समोर, त्यांच्याच टेबलावर बसून केलं होतं. या वेळी मी कुणालाच सांगितलं नाही. जीपच्या किल्लीपासून एक बारीक वायर काढली, शेडच्या भिंतीच्या फटीतून घेतली आणि घरातल्या कपाटामागे एक छोटा बल्ब लावला. जीपची किल्ली फिरली की बल्ब लागणार. आवाज नाही, काही नाही.

त्या दिवशी वहिनीने कारखान्यात सुट्टी टाकली. तिने केस विंचरले, दादाला आवडायचा तो निळा ड्रेस घातला. मी गिऱ्हाइकाकडे जाते असं मोठ्याने सांगून निघाले आणि मागच्या दाराने घरात आले. आम्ही दोघी कपाटासमोर जमिनीवर बसलो. वहिनीच्या हातात तो स्वेटर होता. ती मधूनच कुजबुजायची, "घाबरवू नकोस हं त्यांना."

बल्ब लागला.

लगेच भिंतीपलीकडून इंजिनचा आवाज आला. मी तो आवाज विसरले नव्हते. किंचित अडखळणारा, मग एक लय धरणारा. वहिनी उठून धावली, मी तिच्यामागे. शेडचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत धूर आणि पेट्रोलचा वास. धुरातून ड्रायव्हरच्या सीटवर बसलेलं माणूस दिसलं, खांदे वाकवून बसलेलं. इंजिन बंद झालं. मग किल्ली फिरली आणि ते पुन्हा सुरू झालं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

"अहो," वहिनी म्हणाली.

माणसाने मान वळवली. ते बाबा होते.

त्यांना आम्ही दिसलो, पण ते दचकले नाहीत. किल्लीवरचा हात काढला नाही. "होते गं सुरू," ते म्हणाले. "एकदा फिरवली की होते. बघ."

वहिनी दारातच थांबली. मीच विचारलं. "बाबा, बोट कुठून आलं?"

ते समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत बोलायला लागले. "वीज मोजायचा मीटर विसरला होता घरी. स्कूटरवरून द्यायला गेलो मागोमाग. हा वर चढून गेलेला. बॉनेट उघडून बघतो तर बोट आतच. किती वेळा सांगितलं होतं, किती वेळा. काढून खिशात घातलं. म्हटलं, घडू दे अद्दल. येईल पाय ओढत, मग जेवताना हसू त्याला." त्यांनी किल्लीवरून अंगठा फिरवला. "ऊन होतं गं तेव्हा. चांगलं ऊन होतं."

"आणि धुकं आलं तेव्हा?"

"निघालो होतो मी. फाट्यापर्यंत गेलो. पुढे रस्ताच दिसेना. म्हटलं, तो काय लहान आहे, टॉवरच्या खोलीत थांबला असेल."

मला राग आला की रडू आलं हे मला आजही सांगता येणार नाही. मी जीपच्या दाराला धरून उभी राहिले. बाबा आता माझ्याशी बोलत नव्हते, वहिनीशी बोलत होते, पण तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

"जीप आणली तेव्हा बॅटरी पार बसलेली होती. हिने चार्जिंगला लावली. मी तेव्हाच ओळखलं. किल्ली मारत बसला असणार संपेपर्यंत. मग टोपी उघडली असणार. आत बघितलं असणार." त्यांचा आवाज अगदी साधा झाला, वर्कशॉपमध्ये काम समजावून सांगतात तसा. "चोर अख्खी जीप नेतो. नुसतं बोट घरचंच माणूस नेतं. त्याला कळलंच असणार मी नेलं ते. मी घेऊन येईन म्हणून वाट बघत थांबला असेल. किती वेळ थांबला असेल, एवढंच मला कळत नाही."

गरम झालेलं इंजिन निवताना टकटक करत होतं.

मग वहिनी पुढे गेली. मला वाटलं ती त्यांना मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त दार उघडलं आणि म्हणाली, "सरका."

बाबा पलीकडच्या सीटवर सरकले. ती त्यांच्या जागी बसली, बाबांच्याच रडण्याने ओला झालेला तो स्वेटर मांडीवर ठेवला आणि किल्ली फिरवली. जीप सुरू झाली. तिने बंद केली, पुन्हा फिरवली, पुन्हा सुरू झाली. बाबा दोन्ही हातांनी कान झाकून बसले होते आणि ती किल्ली फिरवत होती. मी तिला थांबवलं नाही.